गुळवेल आणि रोगप्रतिकारशक्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत पावसाळ्याचे ढग जमू लागले की औषधांच्या आणि किराणा मालाच्या दुकानांत गुळवेलीच्या रसाच्या बाटल्या दर्शनी भागात येतात. करोनाच्या साथीनंतर अनेक घरांत हा रस सकाळच्या चहाइतका नित्याचा झाला. या वेलीविषयी वाचकांच्या मनात येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे खाली दिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. एखाद्या व्यक्तीने गुळवेल घ्यावी की नाही, हे तिची प्रकृती आणि तिची चालू औषधे पाहून वैद्यांनी किंवा डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

गुळवेल म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

गुळवेल ही झाडांच्या आधाराने चढणारी आणि अनेक वर्षे जगणारी वेल असून वनस्पतिशास्त्रात तिचे नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया असे आहे. संस्कृत ग्रंथांत ती गुडूची आणि अमृता या नावांनी येते, तर हिंदीत तिला गिलोय म्हणतात. बाजारातील वेष्टनांवर यांपैकी कोणतेही नाव छापलेले असू शकते. त्यामुळे गिलोयच्या गोळ्या आणि गुळवेलीचा रस एकाच वेळी घेणारी व्यक्ती प्रत्यक्षात एकच औषध दुप्पट घेत असते, आणि हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही.

औषधासाठी मुख्यतः वेलीचे कांड वापरले जाते. झाडांवर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे पसरावे तशी दिसणारी, पाने नसलेली अमरवेल ही निराळी वनस्पती आहे. ती परोपजीवी असते. गुळवेल झाडाचा केवळ आधार घेते.

ती कशी ओळखावी, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर वेली आहेत का?

आहेत, आणि गुळवेलीमुळे यकृताला इजा होते का, या सध्याच्या वादात हा प्रश्न कळीचा ठरला आहे. गुळवेलीची पाने हृदयाच्या आकाराची, गुळगुळीत आणि लांब देठाची असतात. कोवळे कांड हिरवट आणि मांसल असते. जून झालेल्या कांडावर कागदासारखी पातळ साल येते, ती नखाने सहज सुटते आणि आतला हिरवा भाग उघडा पडतो. कांड आडवे कापले असता मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेषा स्पष्ट दिसतात. वरच्या फांद्यांवरून बारीक, दोरीसारखी मुळे खाली लोंबतात. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात, आणि मादी वेलीवर पिकल्यावर लाल होणारी, मटाराच्या दाण्याएवढी गोल फळे घोसाने लागतात.

हिच्याच कुळातील टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीची पाने जवळपास अशीच असतात. मात्र तिचे कांड करड्या छटेचे असून त्यावर ठळक गाठी किंवा फोडांसारखे उंचवटे असतात. तिचे कांड कापल्यावर दुधाळ स्राव येतो, जो गुळवेलीत नसतो. तिची फळे लांबट असतात आणि त्यांचा रंग नारिंगीकडे झुकतो. टिनोस्पोरा सायनेन्सिस ही आणखी एक जवळची जात असून तिच्या पानांवर लव असते. ताजी आणि सपर्ण वेल समोर असताना हे फरक जाणकाराला दिसतात. मात्र वाळलेले तुकडे, भुकटी किंवा बाटलीतील रस यांवरून ते ओळखणे सामान्य ग्राहकाला शक्य नाही. छायाचित्र पाठवून ओळख पटवून घेण्याची पद्धत हल्ली रूढ झाली आहे. तीही पुरेशी नाही, कारण छायाचित्रात बहुधा फक्त पानेच असतात, आणि पाने तर सारखीच दिसतात.

मुंबईत रस्त्याकडेला किंवा उद्यानात वाढलेली गुळवेल तोडून वापरावी का?

वापरू नये. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान संरक्षित क्षेत्र आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तेथून वनस्पती काढून नेण्यास मनाई आहे. नाल्याकाठी, रेल्वेरुळांलगत किंवा वर्दळीच्या रस्त्याच्या कुंपणावर वाढलेल्या वेलीच्या बाबतीत अडचण निराळी आहे. तेथील माती आणि पाणी कसे असते हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. रुळांलगतची पालेभाजी घेताना जो विचार आपण करतो, तोच औषधी वेलीबाबतही करावा.

परंपरेत गुळवेल कशासाठी वापरली जात असे?

आयुर्वेदात गुळवेलीचे स्थान फार वरचे आहे. भावप्रकाश निघंटूत वनस्पतींच्या एका संपूर्ण वर्गाला गुडूच्यादी वर्ग असे नाव असून त्याची सुरुवात गुळवेलीपासून होते. तिच्या उत्पत्तीची कथाही तेथेच सांगितली आहे : रावणाच्या वधानंतर इंद्राने युद्धात पडलेल्या वानरांवर अमृत शिंपडले आणि त्यांच्या अंगावरून जेथे जेथे थेंब भूमीवर पडले तेथे तेथे ही वेल उगवली. चरकसंहितेत बुद्धीला हितकर अशी जी चार मेध्य रसायने, म्हणजे आरोग्य टिकवण्यासाठी घ्यायची औषधे, सांगितली आहेत, त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध आणि शंखपुष्पी यांच्याबरोबर गुळवेलीचा रस आहे.

तथापि, रसायन म्हणून होणारा हा वापर तिच्या एकूण उपयोगांचा एक भाग होता. वैद्यांच्या दैनंदिन व्यवहारात ती प्रामुख्याने ज्वरावर, त्यातही रेंगाळणाऱ्या जीर्णज्वरावर दिली जात असे. वातरक्तात, म्हणजे सांधे सुजून लाल होणाऱ्या आणि ठणकणाऱ्या विकारात, ती प्रमुख औषधांपैकी एक मानली गेली. त्वचेचे विकार, प्रमेह, आमवात आणि कामला म्हणजे कावीळ यांवरही तिची योजना आढळते. कावीळ झालेल्या रुग्णाला सकाळी मधासह गुळवेलीचा रस देण्याचा उल्लेख जुन्या ग्रंथांत आहे. हा तपशील पुढे यकृताच्या प्रश्नाकडे येताना लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या सर्व उपयोगांत एक गोष्ट समान होती. वैद्य रुग्णाची प्रकृती, अग्नी म्हणजे पचनशक्ती, वय, ऋतू आणि रोगाची अवस्था पाहून औषधाचे रूप आणि त्याचे अनुपान, म्हणजे ते कशाबरोबर घ्यायचे हे, ठरवीत, आणि लक्षणे बदलली की औषध बदलत किंवा थांबवीत. घरातील प्रत्येकाने, कोणताही आजार नसताना, वर्षभर रोज सकाळी ठरावीक झाकणभर रस प्यावा, ही पद्धत त्या परंपरेतून आलेली नाही. ती बाटलीबंद उत्पादनांच्या विक्रीबरोबर आली.

रसायन म्हणजेच ज्याला आज ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणतात ते का?

दोन्हींना एक मानणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. आयुर्वेदात रसायनाचा हेतू शरीरातील धातू, म्हणजे शरीर घडवणारे रक्त-मांसादी घटक, उत्तम राहावेत आणि आयुष्य व आरोग्य टिकावे असा व्यापक आहे. ते घेण्यापूर्वी शरीरशुद्धी करावी आणि घेत असताना आहार-विहाराचे नियम पाळावेत असेही सांगितले आहे. आधुनिक वैद्यकात रोगप्रतिकार ही एकच एक शक्ती नसून पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार, प्रतिपिंडे आणि रासायनिक संदेश यांची गुंतागुंतीची व्यवस्था आहे. तिचे काही भाग जंतूंवर हल्ला चढवतात, तर काही भाग तो हल्ला वेळीच थांबवतात. ही व्यवस्था सरसकट ‘वाढवणे’ इष्ट नसते. दमा, ॲलर्जी आणि स्वयंप्रतिकार विकार यांत प्रतिकारच चुकीच्या जागी किंवा प्रमाणाबाहेर होत असतो. म्हणून संशोधक गुळवेलीच्या बाबतीत प्रतिकारशक्ती वाढवणारी असे न म्हणता प्रतिकारव्यवस्थेत बदल घडवणारी असे म्हणतात. जाहिरातींत मात्र यातला ‘बदल’ गळून जातो आणि ‘वाढ’ तेवढी उरते.

गुळवेलीत कोणते घटक असतात?

तिच्या कांडात बर्बेरिन, पामाटिन आणि मॅग्नोफ्लोरिन यांसारखी अल्कलॉइडे, कडवटपणा देणारी डायटर्पिन वर्गातील द्रव्ये, ग्लायकोसाइडे आणि मोठ्या रेणूंच्या बहुशर्करा असतात. प्रयोगशाळेतील आणि प्राण्यांवरील अभ्यासांत, जंतूंना गिळंकृत करणाऱ्या भक्षक पेशी अधिक कार्यक्षम होत असल्याचे दिसले असून त्याचे श्रेय बहुधा बहुशर्करांना आणि काही ग्लायकोसाइडांना दिले जाते. वेलीची जात, तिचे वय, कापणीचा हंगाम आणि औषधाचे रूप यांनुसार या घटकांचे प्रमाण बरेच बदलते. म्हणून एका उत्पादनावर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष दुसऱ्या उत्पादनाला जसाच्या तसा लावता येत नाही.

माणसांवर काही विश्वासार्ह अभ्यास झाले आहेत का?

झाले आहेत, आणि त्यांतील महत्त्वाचे काही मुंबईतच, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात झाले. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे आयुर्वेदातील औषधींचा आधुनिक औषधशास्त्राच्या पद्धतीने अभ्यास केला. मराठी वाचक डॉ. डहाणूकरांना ललित लेखिका म्हणून अधिक ओळखतात, परंतु गुळवेलीविषयीच्या आधुनिक ज्ञानातील त्यांचा वाटा त्याहून कमी मोलाचा नाही.

या गटाचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अवरोधी काविळीच्या रुग्णांवर होता. कर्करोगामुळे पित्तमार्ग बंद झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना मोठा धोका संसर्गाचा असतो, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची क्षमता मंदावलेली असते. अशा ३० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. पित्ताचा निचरा सुरू असतानाच्या काळात एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले आणि दुसऱ्याला त्यांच्या जोडीला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम गुळवेल दिली गेली, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे एक ग्रॅम. यकृताच्या कार्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. परंतु गुळवेल घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशींची क्षमता पूर्ववत झाली. पहिल्या गटातील निम्म्या रुग्णांत रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे दिसली, तर गुळवेल घेतलेल्या गटात ती एकातही दिसली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४० टक्के आणि ९२.४ टक्के होते.

हे आकडे लक्षवेधी आहेत, आणि याच कारणाने ते सावधपणे वाचावे लागतात. रुग्णसंख्या लहान होती. रुग्ण गंभीर आजारी होते. औषध प्रमाणित होते, ते मर्यादित काळ आणि रुग्णालयातील देखरेखीखाली दिले गेले. ऑफिसला जाणाऱ्या निरोगी माणसाला गुळवेलीच्या रसाने सर्दी होणार नाही, असे या अभ्यासातून सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनीही तसे म्हटलेले नाही.

याच महाविद्यालयातून २००७ साली मधुमेहामुळे पायाला जखमा झालेल्या ५० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेच्या जोडीला गुळवेल दिल्यास जखम भरण्यास मदत होते का, हे तपासले होते आणि कल अनुकूल दिसला. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २००५ साली ॲलर्जीच्या सर्दीचे ७५ रुग्ण घेऊन आठ आठवडे काहींना गुळवेल आणि काहींना निष्क्रिय गोळी दिली. गुळवेल घेणाऱ्यांत शिंका, नाक वाहणे आणि नाक चोंदणे या तक्रारी स्पष्टपणे कमी झाल्या. हेही अभ्यास छोटेच आहेत. मोठ्या, अनेक केंद्रांत झालेल्या आणि निरोगी लोकांत दीर्घकाळ चाललेल्या चाचण्यांचे पाठबळ गुळवेलीच्या रोजच्या वापरामागे नाही.

मग करोनाच्या साथीत ती इतकी का वापरली गेली?

केंद्रीय आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या आयुर्वेद व योगावर आधारित उपचार-मार्गदर्शिकेत प्रतिबंधासाठी सुचवलेल्या औषधांत गुळवेलीची घनवटी, म्हणजे आटवलेल्या काढ्याची गोळी, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा कोमट पाण्याबरोबर, पंधरा दिवस किंवा महिनाभर अशी होती. लोकांनी त्यातले औषध उचलले, कालमर्यादा मात्र सोडून दिली. भीतीच्या त्या दिवसांत दुसरे काही हाताशी नसताना असे होणे समजण्यासारखे होते. परंतु साथ ओसरल्यावरही बाटली टेबलावरून हलली नाही, आणि ‘नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही’ हा समज तेवढा घट्ट होत गेला.

गुळवेलीमुळे यकृताला इजा होते, हे खरे आहे का?

काही व्यक्तींमध्ये तशी इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत आणि त्यांची सुरुवात मुंबईतूनच झाली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे तीव्र यकृतदाहाचे सहा रुग्ण आले, आणि त्या सर्वांनी गुळवेल घेतली होती. त्यांचे वर्णन २०२१ साली प्रसिद्ध झाले. यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत स्वयंप्रतिकार यकृतदाहासारखे चित्र दिसले. या आजारात शरीराची प्रतिकारव्यवस्था स्वतःच्याच यकृतपेशींवर हल्ला करते. संशोधकांनी असा अंदाज मांडला की गुळवेलीने हा विकार नव्याने उद्भवला असावा, किंवा आधीपासून सुप्त असलेला विकार तिने उघड केला असावा, आणि प्रतिकारव्यवस्थेला चेतवण्याचा तिचा जो गुण आहे त्याच्याशी हे सुसंगत आहे.

त्यानंतर भारतातील १३ केंद्रांनी एकत्रितपणे ४३ रुग्णांची माहिती २०२२ साली प्रसिद्ध केली. त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता, म्हणजे सुमारे निम्म्या रुग्णांना त्याहूनही उशिरा लक्षणे दिसली. त्रास पहिल्या आठवड्यात होईलच असे नाही. दीड महिना काहीही न झाल्यामुळे निर्धास्त झालेली व्यक्तीही सुरक्षित असेलच असे नव्हे.

आयुष मंत्रालयाने मुंबईच्या अभ्यासावर जुलै २०२१ मध्ये हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती की टिनोस्पोरा क्रिस्पा, याची शास्त्रीय ओळख पटवलेली नाही, तसेच मात्रा आणि बरोबर घेतलेली इतर औषधे यांची पुरेशी नोंद नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. २०२२ च्या सुरुवातीलाही मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले आणि ती वैद्यांच्या सल्ल्याने घेण्याचा आग्रह धरला. नंतरच्या बहुकेंद्री अभ्यासात, रुग्णांकडून मिळालेल्या काही नमुन्यांचे रासायनिक विश्लेषण करून या आक्षेपाची दखल घेण्याचा प्रयत्न झाला.

या वादात एक बाजू पूर्ण खरी आणि दुसरी पूर्ण खोटी मानण्याचे कारण दिसत नाही. ओळखीचा आक्षेप रास्त आहे. मात्र बाजारातील ग्राहकालाही त्या दोन वेलींतला फरक कळत नाही, त्यामुळे तो आक्षेप मान्य केला तरी ग्राहकाचा धोका कमी होत नाही. परंपरेने काविळीवर दिलेले औषध काही जणांत काविळीला कारण ठरावे, हेही वाटते तितके विसंगत नाही. ग्रंथातील रुग्ण वैद्याच्या नजरेखाली थोडे दिवस औषध घेत होता. स्वयंप्रतिकाराचा कल असलेली व्यक्ती महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने ते घेते, तेव्हा परिस्थिती सर्वस्वी वेगळी असते. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि इजा मोजक्यांना झाली, हेही तितकेच खरे. प्रश्न एवढाच की त्या मोजक्यांत आपण आहोत की नाही, हे आधी कळण्याचा साधा मार्ग उपलब्ध नाही.

कोणी गुळवेल घेऊ नये?

यकृताचा कोणताही जुना आजार असलेल्यांनी ती टाळावी. स्वयंप्रतिकार विकार असलेल्यांनी, म्हणजे ल्यूपस, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा स्वयंप्रतिकारातून उद्भवलेले थायरॉइडचे विकार असलेल्यांनी, तज्ज्ञाच्या संमतीशिवाय ती घेऊ नये. आमवातावर, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी मिळत्याजुळत्या विकारावर, परंपरेत गुळवेल दिली जात असल्यामुळे येथे गोंधळ होतो. अशा रुग्णांनी वैद्य आणि संधिवाततज्ज्ञ या दोघांनाही एकमेकांच्या औषधांची माहिती द्यावी. मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपण झालेले रुग्ण प्रतिकार दाबून ठेवणारी औषधे आयुष्यभर घेतात, आणि त्यांच्यासाठी प्रतिकार चेतवणारे कोणतेही द्रव्य थेट धोक्याचे आहे. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांसाठी पुरेसा सुरक्षिततेचा पुरावा नसल्याने त्यांनीही टाळलेले बरे.

मधुमेहाची औषधे चालू असताना ती घेतली तर चालते का?

गुळवेलीने रक्तातील साखर कमी होऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना ती घेतल्यास साखर अपेक्षेपेक्षा खाली जाण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांना सांगून आणि साखर तपासत राहूनच घ्यावी. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे ती बंद करण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो. आणि गोळ्या बंद करून त्यांच्या जागी गुळवेल, हा प्रयोग कोणत्याही परिस्थितीत करू नये.

पावसाळ्यात ताप आला तर गुळवेलीचा काढा घ्यावा का?

मुंबईत जून ते ऑक्टोबर या काळात येणारा ताप मलेरिया, डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो, आणि या तिन्हींत वेळ दवडणे महागात पडते. म्हणून काढा उकळत ठेवण्यापूर्वी रक्ततपासणी करावी. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत ती होते. साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असल्यास, चोवीस ते बहात्तर तासांत डॉक्टरांकडे जाऊन लेप्टोचे प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन महापालिका दर पावसाळ्यात करते. त्या औषधाची जागा गुळवेल घेऊ शकत नाही.

डेंग्यूत प्लेटलेट वाढवण्यासाठी गुळवेलीचा रस, बहुधा पपईच्या पानांच्या रसासह, घरोघरी दिला जातो. त्याने प्लेटलेट खात्रीने वाढतात असा भक्कम पुरावा नाही. उलट डेंग्यू आणि लेप्टो हे दोन्ही आजार स्वतःच यकृताला त्रास देतात. अशा वेळी यकृतावर आणखी एका द्रव्याचा भार टाकणे शहाणपणाचे नाही, आणि पुढे यकृताच्या चाचण्या बिघडल्याच तर कारण आजार की काढा, हे ठरवणे उपचार करणाऱ्यांना अवघड होते. आजार उतरल्यानंतरच्या अशक्तपणात किंवा रेंगाळणाऱ्या बारीक तापात गुळवेल देण्याची वैद्यांची जुनी रीत आहे, आणि तीबद्दल वैद्यांशी जरूर बोलावे.

लहान मुलांना द्यावी का?

पालकांनी स्वतःच्या निर्णयाने देऊ नये. बालरोगतज्ज्ञांना किंवा मुलाला तपासलेल्या वैद्यांना विचारावे.

काढा, सत्त्व, घनवटी, रस यांत फरक काय?

ताजे कांड ठेचून पाण्यात उकळून चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवले की काढा होतो. तेच ठेचलेले कांड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी कुस्करून गाळले की हिम तयार होतो. उष्ण प्रकृतीच्या व्यक्तीला वैद्य पुष्कळदा हे रूप सुचवतात. सत्त्व करण्यासाठी कांड ठेचून पाण्यात चोळतात, पाणी गाळून स्थिर ठेवतात, तळाशी बसलेला पांढरा साका वेगळा करून वाळवतात. हा साका मुख्यतः स्टार्च असल्यामुळे सत्त्वात इतर स्वस्त पिठांची भेसळ करणे सोपे असते. काढा आटवत नेऊन घट्ट केलेल्या घनापासून संशमनी वटी, म्हणजेच गुळवेल घनवटी, बनते. अमृतारिष्ट हे आंबवलेले औषध असून त्यात गुळवेलीबरोबर इतरही द्रव्ये असतात.

बाटलीतील रस हा यांतला सर्वात नवा आणि सर्वात अनिश्चित प्रकार म्हणावा लागेल. त्यात पाणी, टिकवण्याची रसायने आणि अनेकदा कोरफड, आवळा किंवा तुळस यांचे मिश्रण असते, आणि प्रत्यक्ष गुळवेल किती, हे नेहमी स्पष्ट केलेले नसते.

मात्रा किती आणि किती दिवस?

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात गुळवेलीची मात्रा चूर्णरूपात ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम कांड अशी दिली आहे. ही वैद्यांसाठीची चौकट आहे. प्रत्येकाने स्वतःला लावून घ्यायचे माप नव्हे. कालावधीच्या बाबतीत, हेतू ठरवून आणि थांबण्याची तारीख ठरवून सुरू करावी. महिनाभरापेक्षा अधिक काळ घ्यायची असेल तर वैद्यांची देखरेख असावी आणि मध्ये यकृताच्या चाचण्या करून घ्याव्यात.

कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणकारी असते का?

परंपरेत ती श्रेष्ठ मानली जाते आणि दुकानदार तिची किंमतही अधिक सांगतात. आधाराच्या झाडानुसार वेलीतील घटकांत काही फरक पडू शकतो, परंतु त्यामुळे रुग्णाला अधिक लाभ होतो असे ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय पुडीतले तुकडे निंबावरचेच आहेत, हे ताडून पाहण्याचा उपाय ग्राहकाकडे नसतो. अधिक पैसे मोजावेत असे त्यात काही दिसत नाही.

विकत घेताना काय पाहावे?

वेष्टनावर आयुर्वेदिक औषध असा उल्लेख, उत्पादन-परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम मुदत असावी. घटकांच्या यादीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग, म्हणजे कांड, लिहिलेला असावा. केवळ अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असेल तर ते उत्पादन अन्न म्हणून नोंदलेले आहे, औषध म्हणून नव्हे. रोग बरा करण्याचा दावा त्याच्यावर असता कामा नये. दादरच्या मंडईत किंवा काष्ठौषधींच्या दुकानात सुटे तुकडे घ्यायचे झाल्यास ते वैद्यांना दाखवून मगच वापरावेत. ‘शंभर टक्के सुरक्षित’ असे छापलेले उत्पादन खाली ठेवलेलेच बरे.

घरी लावता येईल का?

सहज. अंगठ्याएवढ्या जाडीच्या कांडाचा वीतभर तुकडा, डोळे असलेला, पावसाळ्याच्या सुरुवातीला कुंडीत खोचला की तो रुजतो. खिडकीच्या ग्रिलवर ती झपाट्याने पसरते, इतकी की शेजाऱ्यांची संमती आधीच घेतलेली बरी. मात्र रोप भरवशाच्या रोपवाटिकेतून किंवा आयुर्वेद महाविद्यालयाच्या औषधी वनस्पतींच्या बागेतून ओळख पटवून आणावे.

ती घेत असताना कोणती लक्षणे दिसल्यास थांबावे, आणि त्रास झाल्यास कोठे कळवावे?

भूक मंदावणे, मळमळ, असाधारण थकवा, अंगाला खाज, लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास गुळवेल त्याच दिवशी बंद करावी आणि डॉक्टरांकडे जाऊन बिलिरुबिन, एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. या यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्याव्यात. जाताना बाटली किंवा पुडी बरोबर न्यावी आणि औषध किती दिवस, किती प्रमाणात घेतले ते सांगावे. अनेक रुग्ण ‘औषधे कोणती घेता’ या प्रश्नाला उत्तर देताना गुळवेलीचा उल्लेखच करत नाहीत, कारण ती त्यांच्या लेखी औषध नसते, आणि मग निदान लांबते. उरलेले उत्पादन फेकून देऊ नये. वनस्पतीची ओळख पटवण्यासाठी ते लागू शकते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनीवर रुग्णाला किंवा नातेवाइकांना स्वतः माहिती देता येते.